कॅम्परचं अंदाजपत्रक आणि धर्मकाट्याची पावती

पिकअपवर राहण्याजोगा खोका, म्हणजे कॅम्पर, बांधून देणाऱ्या वर्कशॉपला माझे पाचपैकी साडेतीन गुण. पत्रा आणि वेल्डिंगला पाच, सुतारकामाला तीन, वायरिंगला एक आणि दिलेल्या तारखेला दोन. सरासरी पावणेतीन येते हे मलाही दिसतं. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेली आहेत. वरचा पाऊण गुण एवढ्यासाठी, की मालकाने प्रत्येक सुट्या भागाचं मूळ बिल न मागता फाईलला लावून दिलं. असा ठेकेदार नोकरीत मला दोनदाच भेटला.

वर्कशॉपचं नाव लिहीत नाही. हिंगणा एमआयडीसीत आहे, मूळ धंदा छोट्या मालगाड्यांच्या बॉड्या बांधायचा, कॅम्पर म्हणाल तर आमचा चौथा. थोडं काम बाकी आहे, थोडे पैसे बाकी आहेत, आणि दोन्ही बाजूंनी बोलणं अजून गोड आहे. ते तसंच राहू दे.

आमचे हे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात, यांना हिमालयातली फुलं बघायची होती, तीही एका जागी चार-चार दिवस मुक्काम ठोकून. हॉटेलं यांच्या फुलांच्या वेळापत्रकाने चालत नाहीत. आणि नागपूरकराला एक मोह कायमचा असतो: श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा ४४ नंबरचा महामार्ग आपल्या गावातून जातो. वर्धा रोडला उभं राहिलं की एका हाताला काश्मीर, दुसऱ्या हाताला कन्याकुमारी. तेव्हा एक फोर-बाय-फोर, डबल केबिन, जुनी पिकअप घ्यायची आणि तिच्या हौद्यावर राहण्याजोगा खोका बसवायचा असं ठरलं. मोठा ट्रक का नाही? आमच्या गल्लीत वळत नाही, आणि तो चालवायला दोघांपैकी कुणाचंच मन धजावत नाही. बनीबनाई व्हॅन का नाही? ती स्पितीच्या दगडांत पोट घासेल असं ह्यांचं म्हणणं. पिकअप ७ लाख ४० हजारांना मिळाली. पांढऱ्या पाटीची, एमएच ३१, एकाच मालकाची.

सगळं मिळून १५ लाख, वर १० टक्के अनपेक्षित खर्च, म्हणजे साडेसोळा लाखांची मर्यादा मी वहीत पहिल्या पानावर लिहिली आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या. हे हसले. हसू देत.

वर्कशॉपने दिलेलं अंदाजपत्रक असं: सांगाडा, बाहेरची अॅल्युमिनियम शीट आणि इन्सुलेशन २ लाख ४० हजार, फर्निचर १ लाख १५ हजार, सोलर, बॅटरी, इन्व्हर्टर, वायरिंग मिळून १ लाख ६० हजार, पाण्याची टाकी, पंप, सिंक ३८ हजार, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज ५२ हजार, खिडक्या आणि छतातला पंखा ५५ हजार, खोका उचलायचे चार जॅक आणि कुलपं २५ हजार. बेरीज ६ लाख ८५ हजार. मालक म्हणाले, "मॅडम, सात लाखांच्या आत बसवलं." मी शेवटची ओळ दाखवली. अगदी बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा". १८ टक्क्यांनी १ लाख २३ हजार ३०० रुपये. म्हणजे ८ लाख ८ हजार ३००. "ते तर सगळ्यांनाच लागते ना मॅडम." लागतो, म्हणूनच तर बेरजेत धरायचा असतो.

पण माझा खरा आक्षेप रुपयांवर नव्हताच. त्या कागदावर एक रकाना कमी होता. वजनाचा.

आरसी बुक काढून बघा. त्यावर गाडीचं रिकामं वजन असतं आणि भारासहित कमाल वजन असतं. आमच्या पिकअपचं रिकामं १,९३० किलो, कमाल २,८००. वजाबाकी ८७०. हीच तुमची खरी तिजोरी, आणि हिच्यात कर्ज काढून भर घालता येत नाही. त्यातून आम्ही दोघं १३४ किलो (कपड्यांसकट, खरं बोलून). पाणी ८० लिटर, म्हणजे ८० किलो. कपडे, भांडी, किराणा, ह्यांच्या दुर्बिणी, गॅस, हवा भरायचा पंप, दोरखंड मिळून ९० धरले. झाले ३०४. खोक्यासाठी उरले ५६६. मी अंदाजपत्रकावर लाल पेनने नवा रकाना आखला आणि मालकांना म्हटलं, प्रत्येक ओळीसमोर किलो लिहा. ते पाच मिनिटं माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आजवर कोणी विचारलं नाही." दोन दिवसांनी आकडा आला: ४२० किलो. मी खूश. १४६ किलो शिल्लक दिसत होते, आणि मनातल्या मनात मी त्यात लोणच्याच्या बरण्या मांडायला सुरुवात केली.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण लोक हेच शेवटी बघतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. कारखान्यातून कॅम्पर म्हणून मंजूर होऊन येणाऱ्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. ती सरळ वाट, पण महाग. आमच्या वर्कशॉपचं म्हणणं होतं, "चासीला बोल्ट मारून टाकू, कोण बघते?" मी म्हटलं, विमा कंपनी बघते, आणि नेमकी अपघाताच्या दिवशी बघते. शेवटी खोका सुटा ठेवला: चार कोपऱ्यांना चार जॅक, हौद्याच्या मूळ हुकांना टर्नबकलने (फिरवून ताणायच्या आकड्याने) आवळलेला, चासीला एकही भोक नाही, चालत्या गाडीत आत कुणी बसायचं नाही. विमा कंपनीला फोटोंसह लेखी कळवलं आणि पोच फाईलला लावली. तरीही तुमच्या गाडीचं तुम्ही गिरीपेठला आरटीओत जाऊन विचारा, माझ्या भरवशावर राहू नका. आणखी एक नियम बांधकामाआधीच कळलेला बरा: मागच्या चाकामागे गाडी किती लांबवायची त्यालाही हद्द आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्के. आमचा पहिला नकाशा त्यात बसत होता, पण जेमतेम. मागे स्वयंपाकाला ऐसपैस ओटा हवा हा हट्ट माझा होता, तो मीच मागे घेतला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं. ९० दिवस म्हणाले. होळीला गाडी हातात. पैशांचं त्यांचं म्हणणं ६० टक्के आगाऊ. मी ३०-३०-३०-१० वर आणलं, शेवटचे १० टक्के अनामत, तीन महिने वापर झाल्यावर द्यायचे. सरकारी कामात असतं तसं एक मोजमाप पुस्तकही ठेवलं. साधी शंभर पानी वही, पण दर शनिवारी मी जायचे, काय झालं ते लिहायचे, मिस्त्रीची सही घ्यायचे. सुरुवातीला पोरं मला बघून चहाला पळायची. जानेवारीपर्यंत वेल्डरभाऊ स्वतःच वही मागायला लागले. "काकू, हे कोपऱ्याचं लिहिलं का? दोनदा ग्राइंडर मारला मी."

त्या वेल्डरभाऊंबद्दल थांबून लिहायला हवं. चौकोनी पाइपचा सांगाडा त्यांनी जमिनीवर जुळवून चारही कर्ण दोरीने मोजले, मगच टाके मारले. दरवाज्याची चौकट बसवताना पत्र्याच्या काठाला पाण्यासाठी बोटभर पन्हळ काढली, जी नकाशात नव्हतीच. "पाणी मूर्ख नसते काकू, ते जागा शोधते," म्हणाले. छताचा प्रत्येक सांधा आधी सीलंट, मग पट्टी, मग रिव्हेट, मग वरून परत सीलंट. हस्तांतराच्या आधी टँकरवाल्याला बोलावून अर्धा तास छतावर पाणी सोडलं आणि मला आत टॉर्च घेऊन बसवलं. थेंब नाही. जुलैत चिखलदऱ्याच्या पावसातही नाही. पाच गुण त्यांचे.

होळी आली, गाडी नाही. कारण खिडक्या आल्या नव्हत्या. मग मार्च एंड. (लेखा विभागातल्या माणसाला मार्च एंडचं कारण देऊ नये, आम्ही ते तयार करायचो.) मग सुतार गावी लग्नाला. गाडी मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली, म्हणजे नागपुरात ज्या दिवसांत माणूस दुपारी चप्पल सावलीत सरकवून मग पाय घालतो त्या दिवसांत. वाईट वाटलं, पण एक झालं: इन्सुलेशनची परीक्षा आपोआप झाली.

दुपारी दोन वाजता बंदुकीसारखा थर्मामीटर घेऊन मी आत शिरले. बाहेर छताचा पत्रा ६८ अंश. आतलं प्लाय ४१. चांगलं आहे, ४० मिलिमीटरच्या फोम शीटने काम केलं. मग मी तोच थर्मामीटर छतावरून हळूहळू सरकवत नेला आणि दर दोन फुटांवर आकडा उडी मारू लागला: ४१, ४२, ५५. पुन्हा ४१. पुन्हा ५४. पेन्सिलीने खुणा केल्या तर सरळ रेघा उमटल्या, वेल्डरभाऊंच्या पाइपांच्या. पाइप बाहेरच्या पत्र्यालाही टेकलेला आणि आतल्या प्लायलाही, मधे काही नाही. फोम दोन पाइपांच्या मधल्या जागेत भरलेला. उष्णतेने सरळ लोखंडाची वाट धरली होती. तळवा ठेवून बघितला, भाकरीच्या तव्यासारखा. उपाय स्वस्त होता: पाइपावर ५ मिलिमीटरची रबर-फोमची पट्टी चिकटवून मग प्लाय. आतलं छत उघडायला दोन दिवस लागले. आधीच केलं असतं तर तासाभराचं काम. तुम्ही करून घ्याल तेव्हा प्लाय बसवायच्या आदल्या दिवशी जाऊन पाइप झाकलेत का ते बघा.

एसीचा वाद तर दीड महिना चालला. मालक एसी बसवा म्हणून मागे लागले होते. नागपूरचा माणूस एसी का मागतो हे मला कळतं, पण हिशेब मांडू. आमची लिथियम बॅटरी १५० अँपिअर-तास, १२.८ व्होल्ट, गुणाकार १,९२० वॅट-तास. एक टनाचा एसी रात्रभरात, थांबत-चालत धरला तरी, ४,००० च्या आसपास खाणार. म्हणजे दुप्पट बॅटरी आणि त्याहून मोठं सोलर आणि त्याचं वजन, फक्त थंड झोपायला. आणि ज्या हिमालयासाठी गाडी बांधतोय तिथे एसी लावणार कोण? मी म्हटलं, कूलर. सगळं वर्कशॉप हसलं. पण विदर्भाचा उन्हाळा कोरडा आहे, आणि कोरड्या हवेत पाणी उडून जाताना जो गारवा देतं त्याला तोड नाही. सुताराकडून खिडकीच्या मापाचा लहान डबा करून घेतला, ४० वॅटचा १२ व्होल्टचा पंखा, लहान पंप, आणि रस्त्याकडेला खसच्या ताट्या विकतात त्याच्याकडून एक ताटी. सगळं ६,३०० रुपयांत. रात्रभरात ३६० वॅट-तास. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवावी लागते, नाहीतर आत नुसता दमटपणा साठतो. रात्रीतून २० लिटर पाणी पितो, हा त्याचा दोष. पावसाळ्यात निरुपयोगी, हा दुसरा. पण रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठाला, दुपारी ४४ अंश झालेल्या दिवशी, पहाटे मी चादर ओढली. खसच्या वासाने ह्यांना नागपूरच्या महाल भागातलं त्यांच्या आईचं घर आठवलं आणि त्या आठवणी मला साडेपाचला उठून ऐकाव्या लागल्या.

आता धर्मकाटा.

गाडी ताब्यात घेण्याआधी मी एकच अट घातली होती, वजन करून दाखवा. मालकांना वाटलं मी विसरेन. अमरावती रोडवर वाडीकडे ट्रकवाल्यांचे काटे आहेत, तिथे गेलो. पुढे लोखंडाचे ट्रक, मागे संत्र्यांच्या रिकाम्या क्रेटांचा टेम्पो, मधे आमचं खिडक्या-पडदेवालं. काट्यावरचा मुलगा म्हणाला, "माल काय आहे?" हे म्हणाले, "संसार." त्याने पावतीवर खरोखर "घरगुती सामान" लिहिलं.

मी त्याला तीनदा वजन करायला लावलं: आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी, मग नुसती मागची. तीनही वेळचे पैसे दिले म्हणून तो तयार झाला. खोका चढवण्याआधीही मी असंच करून ठेवलं होतं: पुढे १,०६०, मागे ८७०. आताची पावती: पुढे ९९०, मागे १,५७०. एकूण २,५६०.

तिथेच बॉनेटवर कागद ठेवून वजाबाकी केली. २,५६० वजा १,९३०. खोका ६३० किलोंचा. कबूल केलेला ४२०. त्यात आम्ही, पाणी, सामान मिळून ३०४ टाकले की ९३४. आणि जागा ८७०. गाडी घराबाहेर पडण्याआधीच ६४ किलोंनी जास्त, आणि मी अजून लोणचं मांडलेलंही नव्हतं. त्याहून मला खटकला तो पुढचा आकडा. मागे एवढं वजन टाकल्यावर पुढची चाकं ७० किलोंनी हलकी झाली होती. खोक्याचा जडपणा मागच्या चाकाच्याही मागे लोंबत होता, तराजूच्या दांडीसारखा. पुढची चाकं म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेक. येताना ह्यांना गाडी "तरंगून राहिली" असं वाटलं होतं ते उगीच नव्हतं.

मालकांचा पहिला प्रतिसाद: "टेन्शन काहून घेता मॅडम? मागे कमानीत दोन पाटे वाढवून देतो, दोन टन उचलते." पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवल्याने गाडीची मागची बाजू वर उचलली जाईल, आरसीवरचा आकडा तिथेच राहील. ब्रेक, अॅक्सल, टायर, चासी कुणालाच ठाऊक नसेल की पाटे वाढलेत. हे त्यांना पटायला एक चहा लागला. मग आम्ही दोघांनी खोक्यात बसून २१० किलो कुठून आले ते शोधलं, आणि इथे मालकांचं कौतुक करते, त्यांनी लपवाछपवी केली नाही.

बहुतेक चोर सापडला सुतारकामात. नकाशात १२ आणि ९ मिलिमीटरचं प्लाय लिहिलं होतं. सुताराने घरच्या कपाटाच्या सवयीने सगळीकडे १९ चं मरीन प्लाय वापरलं. आठ बाय चारची १९ मिलिमीटरची शीट वजनकाट्यावर ठेवली तर ३७ किलो. ९ ची १८. त्याचं म्हणणं, "काकू, मजबूत पाह्यजे ना, पहाडात जाऊन राहिले तुम्ही." त्याच्या बाजूने त्याने माया केली होती, त्याला बोलवेना. पलंगाखालचं, ओट्याचं आणि मधल्या भिंतीचं मिळून तीन शीटांचं काम काढून ९ मध्ये केलं, कडेला अॅल्युमिनियमचा कोन देऊन. ड्रॉवर सगळे गेले, त्यांच्या लोखंडी चॅनेलसकट. तिथे आता कापडी पिशव्या लटकतात, ज्या मी जुन्या सोलापुरी चादरींच्या शिवल्या. बॅटरी आणि पाण्याची टाकी मागच्या भिंतीवरून उचलून केबिनला लागून पुढे आणली.

दुसरी पावती: पुढे १,०३०, मागे १,४५०, एकूण २,४८०. खोका ५५० वर आला. ५५० अधिक ३०४ म्हणजे ८५४. शिल्लक १६ किलो. काट्याची मोजणीच १० किलोंच्या टप्प्याने होते, तेव्हा लेखापरीक्षकाच्या भाषेत शिल्लक निरंक. ह्यांचा जड ट्रायपॉड घरी राहिला. भर घातला तो मागे एकच पाटा आणि चांगले शॉकअॅब्सॉर्बर, कारण मर्यादेच्या आत असूनही मागची बाजू बसत होती. ४६ हजार.

एक गोष्ट मी मालकांना रागावून बोलले, तेवढी एकच. गॅसची ५ किलोंची टाकी ठेवायच्या कप्प्याला तळाशी जाळी मागितली होती. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो, बाहेर पडायला वाट तळाशीच हवी. वेल्डरभाऊंनी भोक पाडलं, जाळी लावली, मोजमाप पुस्तकात नोंद आहे. ताबा घेताना बघते तर आतून प्लायचा तुकडा ठोकून बंद. का? "त्यातून धूळ येते ना काकू." रात्री त्याच खोक्यात आम्ही दारं लावून झोपणार होतो. तो तुकडा मी स्वतः पक्कडीने काढला.

आणि वायरिंग, एक गुणाचं. खिंडसीच्या पहिल्या मुक्कामी फ्रिज दुपारी बंद पडला. दही आंबलं, बाकी काही नाही. बॅटरी तर भरलेली, ७० टक्के दाखवतेय. संध्याकाळी आपोआप चालू. दुसऱ्या दुपारी परत बंद. वर्कशॉपला फोन केला तर, "कंपनीचा फॉल्ट असेल, बदलून देऊ." मला पटेना. १८० रुपयांचा मल्टिमीटर आमच्याकडे मुलाच्या शाळेपासून पडलेला. बॅटरीच्या टोकांना लावला: १२.९. फ्रिजच्या प्लगला लावला: १२.८. मग ह्यांना म्हटलं, फ्रिज चालू करा आणि मी बघते. कॉम्प्रेसर सुरू होताना प्लगवरचा आकडा घसरला, ११.३, ११.२, आणि टक्. फ्रिज बॅटरी मेलीये समजून झोपी गेला. बॅटरीपाशी तेव्हाही १२.८.

मधल्या सात मीटर वायरमध्ये दीड व्होल्ट गायब होत होते. वायर बघितली: घरातल्या बल्बला वापरतात ती, दीड चौरस मिलिमीटरची. घरात २३० व्होल्टांत दीड गेले तर कुणाला कळतही नाही. १२ मध्ये तो आठवा हिस्सा. इलेक्ट्रिशियन घरांची कामं करणारा होता, हे नंतर कळलं. दुपारीच का, तर उन्हात कॉम्प्रेसरला जोर जास्त लागतो. ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यावर प्लगला १२.५ राहिले आणि दही वाचलं. सगळं वायरिंग पुन्हा केलं त्याचे १४,४०० झाले. निम्मे त्यांनी सोसले, निम्मे मी, कारण वायरच्या जाडीचा रकाना अंदाजपत्रकात मीही आखला नव्हता. सोलरचंही एक लक्षात ठेवा: कडक ऊन म्हणजे जास्त वीज असं नसतं. पॅनेल तापलं की त्याची शक्ती घटते, दर अंशाला थोडी थोडी. आमच्या ४०० वॅटच्या पॅनेलने मेमधल्यापेक्षा सप्टेंबरच्या उघडीपीत बरं काम केलं.

चालवायला कशी आहे? शिवमडक्याहून समृद्धीवर चढलो आणि वर्ध्यापर्यंत जाऊन आलो. सगळे १२० ने जातात, आम्ही ८० ने. मोठा ट्रक शेजारून गेला की खोका आधी ओढला जातो, मग ढकलला जातो. हातांना सवय व्हायला वेळ लागला. डिझेल लिटरला १२ जायचं ते ९ वर आलं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, कुरकुर न करता. मुक्कामाचं म्हणाल तर जंगलात वाटेल तिथे गाडी लावून झोपता येत नाही. चिखलदऱ्याला एका हॉटेलच्या आवारात जागा आणि संडास मागून घेतला, दर रात्रीचे ३०० दिले. हा खर्चही वहीत धरा, सगळे विसरतात.

अंतिम लेखा: वर्कशॉपचं बिल ८ लाख ८ हजार ३००. त्याबाहेर पाटा आणि शॉकअॅब्सॉर्बर ४६ हजार, पाच टायर ७२ हजार, बाहेरची कनात २२ हजार, गादी-उशा १८,५००, कूलर ६,३००, वायरिंगचा माझा वाटा ७,२००. वरकड मिळून १ लाख ७२ हजार. पिकअप धरून १७ लाख २० हजार ३००. साडेसोळाच्या मर्यादेच्या ७० हजार ३०० वर. ह्यांनी पहिलं पान उघडून दोघांच्या सह्या माझ्यासमोर धरल्या. टायर जुने चालतील असं लिहून देणारे हेच होते, तेही त्याच पानावर खाली आहे.

या वर्कशॉपकडे जावं का? पत्र्याचं, सांगाड्याचं, गळतीचं काम करून घ्यायला जरूर जा, आणि वेल्डरभाऊ सुट्टीवर असतील तर ते येईपर्यंत थांबा. सुतारकामाला प्लायच्या जाडीसकट नकाशा भिंतीवर चिकटवून या. वायरिंग कुणा सोलरवाल्या किंवा गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला वेगळं द्या. तारीख सांगतील त्यात दोन महिने मिळवा.

अनामत ६८,५०० होती. तीन महिने झाल्यावर निम्मी दिली. मागच्या दाराची कडी खराब रस्त्यावर खडखडते, ती बदलायची आहे, आणि पायरीला गंज धरलाय. मालक म्हणाले, "दसऱ्याच्या आधी पोरगा पाठवतो घरी." ३४,२५० चा चेक लिहून कपाटात ठेवला आहे. तारीख टाकलेली नाही.